न घेतलेला कागद

उखाजी बेलीफ गल्लीत शिरले की भेस्तानच्या बाया दारं लावून घ्यायच्या. पोलिसाला तोंडावर उत्तर देणाऱ्या बाया त्या, पण हँडलला खाकी पिशवी अडकवलेली ती जुनी सायकल दिसली की पटापट आतून कड्या. त्या पिशवीत कोर्टाचा कागद असतो आणि तो बहुधा कुणाच्या तरी नवऱ्यानं पाठवलेला असतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कागद हातात घेतला की नवरा सुटला, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. यातलं पहिलं खरं होतं, दुसरं साफ खोटं. ते खोटं आहे हे सांगत उखाकाका तीस वर्षं सायकल मारत राहिले.

मी तेव्हा सुरतेकडच्या एका लहान कोर्टात कारकून होते. नाझरसाहेबांच्या टेबलाला लागून माझं टेबल. नाझर म्हणजे बेलीफांचा वरचा साहेब. कुठलं समन्स कुणाकडे दिलं, ते बजावलं गेलं की तसंच परत आलं, याची नोंद माझ्या रजिस्टरात. नव्वदच्या दशकातली ती पहिली वर्षं. आमच्याकडे नवरा-बायकोच्या भांडणांसाठी वेगळं कोर्ट नव्हतं. शेताच्या बांधाचा दावा, भाडेकरूचा दावा आणि घटस्फोटाचा अर्ज एकाच गठ्ठ्यात बांधलेले असत आणि एकाच साहेबापुढे जात. कामकाज गुजरातीत चाले. कापडाच्या लूमवर काम करणारी आमची खानदेशी माणसं मात्र घरी अहिराणी बोलत आणि कोर्टात येऊन नुसती मान हलवत.

बुटके, काळे, काटक असे उखाकाका. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. गुजराती लिहायला ते पंचविशीत शिकले, त्यामुळे अक्षरांवर रेघ मारायची मराठी सवय काही गेली नव्हती. गुजरातीत डोक्यावर रेघ नसते. उखाकाकांच्या गुजरातीला होती. त्यांचा अहवाल शंभर कागदांत ओळखू यायचा. "उखाभाईंच्या लिपीनं टोपी घातलीय," असं नाझरसाहेब म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

बाकीच्या बेलीफांचे अहवाल एका ओळीचे असत. ‘घेण्यास नकार.’ पुष्कळदा ती ओळ चहाच्या टपरीवर बसूनच लिहिलेली असे, आणि हे मला कळतं हे त्यांनाही कळायचं. उखाकाकांचा अहवाल पान-पान भरायचा. किती वाजता पोचलो, दार कोणत्या रंगाचं होतं, आतून आवाज आला का, शेजारी कोण होतं, सगळं. मी एकदा कंटाळून म्हटलं, "काका, एवढं कशाला? साहेब वाचत पण नाहीत."

"साहेब नही वाचत, पोरी," ते म्हणाले. "पण एखाद दिवस वाचला, तर त्यांना ते दार दिसायला पाहिजे."

दारात पोचले की ते आधी चपला काढत. आत कधीच जात नसत, तरी काढत. कारण विचारलं तर म्हणायचे, "कागदावर सिंहाचा शिक्का आहे. चपला घालून कसा देऊ?" मग उंबऱ्याबाहेर उभे राहून ते बाईचं नाव घेत आणि कागद वाचायला लागत. हे त्यांचं काम नव्हतं. बेलीफानं कागद द्यायचा, सही किंवा अंगठा घ्यायचा, निघायचं. उखाकाका मात्र गुजराती कागद बोटानं धरून अहिराणीत सांगत. नवऱ्यानं काय लिहिलंय, काय मागितलंय, कोणत्या तारखेला कोणत्या खोलीत यायचं. बाईच्या चालीबद्दल काही घाण लिहिलेलं असलं की आधी शेजारणींना हाकलत आणि मग आवाज एकदम खाली आणत. शेवटी तारीख दोनदा सांगत.

त्यांच्या नोकरीतली खरी अडचण वेगळीच होती. या बायांच्या गावाकडे फारकत पंचांपुढे व्हायची. पंच फारकतीचा कागद बाईच्या पदरात टाकत. बाईनं पदर पसरलाच नाही तर फारकत होत नसे. पंच विड्या ओढून उठून जात आणि पुढच्या वर्षी पुन्हा बसत. पदर घट्ट आवळून दहा-दहा वर्षं संसार टिकवलेल्या बाया मी पाहिल्यात. तोच कायदा त्या गाठोड्यात बांधून सुरतेला घेऊन आल्या. इकडचा कायदा नेमका उलटा. इथे कागद नाकारला तरी तो मिळालाच असं धरतात. बाई तारखेला आली नाही की साहेब नवऱ्याचं एकट्याचं ऐकतात आणि एकतर्फी निकाल देतात. बाई घरात बसून समजत असते, आपण जिंकलो.

"बहीन, नही लिधा तरी लिधा असंच लिखतस. कागद ली ले, आनि कोर्टमा ये." हे वाक्य उखाकाकांनी किती दारांना सांगितलं असेल, देव जाणे.

एका बाईनं यावर तोड काढली. तासभर समजावल्यावर ती कागद घ्यायला तयार झाली, पण हात लावीना. शेवटी चुलीजवळची सांडशी घेऊन आली आणि गरम पातेलं धरावं तसा तिनं तो कागद सांडशीनं धरला. उखाकाकांनी अहवालात लिहिलं, ‘बाईने समन्स सांडशीने स्वीकारले.’ साहेबांनी तो अहवाल खरंच वाचला. कोर्टात हशा पिकला. बाई मात्र तारखेला आली होती, सांडशीशिवाय, आणि तिला पोटगी लागली. आम्ही पुढे वर्षभर काकांना सांडशीवरून छळत होतो.

त्यांच्या वाचण्याचा सगळ्यांनाच आनंद होता असं नाही. एकदा एक लूम कारागीर नाझरसाहेबांकडे तणतणत आला. तुमचा बेलीफ माझ्या बायकोला शिकवतो, म्हणाला, कोर्टात ये म्हणून सांगतो. त्याचा वकीलही बरोबर होता. नाझरसाहेबांनी काकांना उभं केलं. काका म्हणाले, "मी शिकवत नाही, साहेब. वाचतो. जे लिहिलंय तेच वाचतो." वकील हसून म्हणाला, "वाचा, वाचा. तुमची ही टेव सगळ्या बारला माहीत आहे." टेव म्हणजे सवय. तेव्हा मला ते वाक्य कौतुकाचंच वाटलं होतं.

सुमनचा कागद आला तो उन्हाळ्याच्या तोंडाला.

सुमन मूळची शिरपूरकडची. भेस्तानला एका खोलीत दोन मुलींना घेऊन राहायची, साड्यांना टिकल्या लावायचं काम घरी आणायची. नवरा लूमवर. तो वर्षापूर्वीच घर सोडून उधन्याला दुसऱ्या बाईबरोबर राहायला गेला होता. त्यानं अर्जात मात्र उलटं लिहिलं होतं. बायकोच मला टाकून निघून गेली, दोन वर्षं पत्ता नाही, शेवटचा माहीत असलेला पत्ता भेस्तानची खोली. खोली त्याच्या नावावर. म्हणजे घटस्फोट झाला की बायको गेली आणि खोलीही मोकळी झाली.

उखाकाका पहिल्यांदा गेले तेव्हा आतून कडी होती. दुसऱ्यांदाही तेच. दोन्ही वेळा त्यांनी दाराबाहेर उभं राहून अख्खा कागद वाचला, तारखेसकट. तिसऱ्यांदा आतून आवाज आला, "घरमा कोन्ही नही." आवाज सुमनचाच.

"मी कागद लेस नही," ती दाराआडून म्हणाली. "दादा, लिखी द्या ना, बाई घरमा नही. आखाजीलोंग थांबा. मना भाऊ येतीन, पंच बसतीन."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात त्या सणाला लेकी माहेरी जातात. भाऊ न्यायला येणार, येताना चार पंचांना घेऊन येणार, नवऱ्याला दटावणार आणि सगळं जागेवर बसणार, असा तिचा हिशोब. दीड महिना हवा होता. काकांनी नेहमीचं सगळं सांगून पाहिलं. ती दाराला पाठ लावून रडत होती आणि आत धाकटी मुलगी तिचं पाहून रडत होती. ऐकू येत होतं, असं ते मला नंतर म्हणाले.

काका परत आले आणि त्यांनी माझ्यासमोर बसून अहवाल लिहिला. नेहमीसारखा लांब नव्हता. ‘तीन वेळा गेलो. बाई सदर पत्त्यावर मिळून आली नाही. शेजाऱ्यांकडून कळले की बाहेरगावी गेली आहे.’ अक्षरांवर रेघ होतीच. मी नोंद केली. लहान अहवाल पाहून मी गमतीनं म्हटलंसुद्धा, "काय काका, आज टपरीवर लिहिला की काय?"

त्यांचा विचार सरळ होता. बाई मिळाली नाही म्हटलं की कोर्ट पुन्हा समन्स काढतं. त्यात महिना-दोन महिने जातात. तोवर आखाजी येऊन जाईल. पण नवऱ्याचा वकील त्यांच्या पुढचा निघाला. बाई मिळतच नाही असं तुमचाच बेलीफ म्हणतो, मग पुन्हा समन्स कशाला, वर्तमानपत्रात नोटीस देऊ द्या, असा अर्ज त्यानं केला. गुजराती वर्तमानपत्रात बोटभर नोटीस आली. सुमनला गुजराती वाचता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी ते वर्तमानपत्र तिच्या घरी कोण टाकणार होतं! तारखेला नवरा पिंजऱ्यात उभा राहिला, बायको मला टाकून गेली म्हणाला. पुरावा काय? वकिलानं उखाकाकांचा अहवाल पुढे ठेवला. खुद्द कोर्टाचा माणूस लिहितो की बाई त्या घरात राहत नाही. दहा मिनिटांत एकतर्फी घटस्फोट झाला.

मग पंच आले, भाऊ आला. नवऱ्यानं त्यांच्यासमोर निकालाची नक्कल उघडून धरली. सुमननं पदर पसरला नव्हता, तरी फारकत होऊन गेली होती. पंचांनी चहा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. भाऊ दोन दिवस राहिला. त्याच्या घरी स्वतःची चार पोरं होती. तो बहिणीला चल म्हणाला नाही.

एकतर्फी निकाल फिरवता येतो. मला समन्स मिळालंच नव्हतं, मला काही माहीत नव्हतं, असं बाईनं दाखवून दिलं की दावा पुन्हा पहिल्यापासून चालतो. मोफत मदतीतली एक तरुण वकीलबेन सुमनला मिळाली. मुलगी हुशार होती. ती म्हणाली, शेजारी सांगतील की बाई कुठे गेली नव्हती, पण कोर्टाच्या बेलीफाच्या लेखी अहवालापुढे शेजाऱ्यांना कोण विचारतं? बेलीफानंच येऊन सांगितलं की अहवाल खोटा आहे, बाई घरातच होती, तर टाकून गेल्याचा सगळा पुरावा कोसळतो.

नाझरसाहेब भले गृहस्थ होते. त्यांनी काकांना बाजूला घेतलं. मी टेबलावरच होते, सगळं ऐकत होते. "उखाभाई, दोढ वरस बाकी छे," ते म्हणाले. दीड वर्षात निवृत्ती. खोटा अहवाल दिल्याचं पिंजऱ्यात कबूल केलं की चौकशी बसणार, नोकरी जाणार, पेन्शनचाही भरवसा नाही. "तुम्ही त्या बाईचे कोण लागता?"

"कोन्हीच नही," काका म्हणाले. "पण सही माझी आहे."

मीसुद्धा त्यांना समजावलं. आज लाज वाटते, पण समजावलं. काकू दम्यानं अंथरुणाला खिळलेल्या, मुलगा असून नसल्यासारखा. म्हटलं, काका, तुम्ही हे चांगल्यासाठीच केलं होतं ना? ते म्हणाले, "त्याचंच तर वाईट वाटतं. तीस वर्षांत एकदाच खोटं लिहिलं, आणि तेच तेवढं साहेबांनी खरं मानलं."

साक्षीच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी दोन फायली हातात धरून उगाच कोर्टात उभी राहिले. सुमन मागच्या बाकावर दोन्ही मुलींना घेऊन बसली होती. तिनं हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, नव्या. आज आपण पुन्हा बायको होणार याची तिला खात्री होती.

वकीलबेननं विचारलं आणि काकांनी सगळं सांगितलं. बाई घरात होती. तिन्ही वेळा होती. ती माझ्याशी आतून बोलली. मिळून आली नाही हे मी खोटं लिहिलं. शेजाऱ्यांना मी विचारलंच नव्हतं. साहेबांनी लेखणी थांबवून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, सुटली पोरगी.

मग नवऱ्याचा वकील उठला. तो तोच, ज्याला काकांची टेव माहीत होती. तो मुळीच चढ्या आवाजात बोलला नाही. फार आदरानं म्हणाला, "उखाभाई, तुम्ही दारात उभे राहून कागद वाचून दाखवता, खरं ना?"

"हो."

"या बाईच्या दारातही वाचला?"

"वाचला."

"तिच्या भाषेत? तिला समजेल असा?"

"हो."

"तारीख सांगितली होती?"

इथे काका थांबले. कोर्टात तीस वर्षं काढलेला माणूस तो. या प्रश्नाचं उत्तर कुठे जातं, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. बाईला तारीख माहीत होती असं एकदा ठरलं, की समन्स कसं दिलं, अहवाल खरा की खोटा, याला काडीची किंमत उरत नाही. माहीत असून जी आली नाही, तिच्यासाठी कायदा निकाल फिरवत नाही. तारीख नाही सांगितली, असं तीन शब्दांत म्हणता आलं असतं. दाराबाहेर दुसरं कोणी नव्हतं. मी मनात ओरडत होते, नाही म्हणा, काका, नाही म्हणा!

"सांगितली," ते म्हणाले. "दोनदा."

वकील खाली बसला.

मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. आजही येतो. एवढं खरं कुणाला हवं होतं? दारात दया आली तेव्हा खोटं लिहिलंत, आणि जिथे एक खोटा शब्द तिला तारून नेत होता तिथे तुम्हाला खरं आठवलं! हे मी त्यांना कधी विचारू शकले नाही. पुढच्या आठवड्यात त्यांच्या चौकशीचा आदेश निघाला आणि त्यानंतर ते कचेरीत आलेच नाहीत. पेन्शन निम्म्यावर आली, असं कानावर आलं. ते गेल्याचंही मला दोन महिन्यांनी कळलं.

निकाल साक्षीच्याच दिवशी दुपारी झाला. बाई दाराआड होती, तिला तारीख कळली होती, तिनं जाणूनबुजून टाळाटाळ केली, अर्ज नामंजूर. साहेबांनी गुजरातीत अर्धं पान वाचलं आणि पुढचं प्रकरण पुकारलं. वर अहमदाबादला अपील करता येईल, असं वकीलबेन म्हणाली, पण सुमनकडे बघत म्हणाली नाही.

सुमनला एक अक्षर कळलं नव्हतं. ती व्हरांड्यात आली. उखाकाका तिथे खांबाला टेकून उभे होते. धाकटी पोर आईच्या बांगड्यांशी खेळत होती.

"दादा," सुमननं विचारलं, "साहेब काय म्हने?"

काकांनी सांगितलं. वकीलबेन निघून गेली होती, मी फायली धरून बाजूला उभी होते. त्यांनी साहेबांचं अर्धं पान तिला अहिराणीत सांगितलं, एकही वाक्य न गाळता, आणि पुढे काय होणार तेही. नवरा आता तुझा नाही. खोलीवर तुझा हक्क नाही, महिन्याभरात सोडावी लागेल. पोटगीचा अर्ज वेगळा करता येईल. सुमन ऐकत होती.

मग म्हणाली, "तारीख वाची नही, आसं सांगं असतं तं?"

"तं निकाल फिरी जाता, बहीन."

"मंग कसाले सांगं?"

सुमन उत्तराची वाट बघत राहिली. खरंच वाट बघत होती ती. तिला वाटत होतं, या माणसाकडे काहीतरी कारण असेल. मग तिनं धाकटीला कडेवर घेतलं, थोरलीचा हात धरला आणि पायऱ्या उतरली.

मला आतून हाक आली. जाता जाता मी खिडकीशी थांबून पाहिलं. ऐन उन्हात सुमन बस स्टँडच्या रस्त्यानं चालली होती आणि तिच्या मागे दहा पावलांवर उखाकाका चालले होते. थोरली पोर मागे वळून त्यांच्याकडे बघत होती. मधेच सुमन धाकटीला दुसऱ्या कडेवर घ्यायला थांबली. तेही थांबले. ती चालू लागल्यावर चालू लागले. रस्त्याच्या टोकाला, खिडकीतून दिसणाऱ्या स्टँडवर भेस्तानची बस लागलेली होती. सुमन मुलींना घेऊन चढली. काका बसच्या दारापाशी गेले, आतल्या गर्दीकडे बघत उभे राहिले, आणि बस सुटली तरी तिथेच उभे होते.